पोत्यातल्या हेराचा दुसरा भाग

आत्याबाई, काल माझ्या सुनेनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, “हेराच्या त्या जुन्या सिनेमाचा दुसरा भाग लागून राह्यला टीव्हीवर. बघन्याजोगा हाय का?” मी नुसतीच हसले. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण या प्रश्नाचं उत्तर देताना माझी जीभ का अडखळते ते तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

निजामाचा अंमल होता तेव्हा. बदनापूरहून लग्न होऊन मी जुन्या जालन्यात तुमच्या घरी सून म्हणून आले त्याला सहा महिने झाले होते, आणि कामापलीकडं तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतात. भाकरी थापताना माझ्या हातांकडं बघायचात आणि परात आपल्याकडं ओढून घ्यायचात. मला तुमची फार भीती वाटायची. अशा तुम्ही, एक दिवस रस्त्यावरून ताशा वाजवत सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा आला, तर हातातलं सूप टाकून आतल्या खोलीत पळालात. मला काही कळेना. शेजारच्या मारवाडी काकी ज्वारी निवडायला येऊन बसल्या होत्या. त्या हसत म्हणाल्या, “टांग्यावरची पाटी बघायची न्हाई तिला. हेर मेला का जित्ता हाय, ते आधीच कळंल ना.”

मग काकींनीच मला सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तुम्ही दोघींनी पहिला भाग पाहिला होता. त्यातला हेर आचारी बनून शत्रूच्या राजवाड्यात शिरतो, शेवटी पकडला जातो, आणि त्याला पोत्यात घालून, पोत्याचं तोंड शिवून, किल्ल्यावरून नदीत फेकतात. तिथंच पडद्यावर ‘पुढील भागात’ अशी अक्षरं आली. तेव्हापासून तुम्ही त्याला मनातल्या मनात बाहेर काढत होतात. आता तो दुसरा भाग आला होता, पण मामंजींनी घरातल्या बायकांना वर्षातून एकच सिनेमा ठरवून दिलेला, आणि पुढच्याच महिन्यात संतांचा बोलपट येणार होता. गल्लीतल्या सगळ्या बायका तुमच्या शब्दावर जायच्या. चुकीचा सिनेमा निवडला तर वर्षभर सगळ्यांची बोलणी खायची वेळ.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चुलीपुढं बसवलंत. “काकी तिच्या पोरीसंगं ऐतवारच्या खेळाला जाऊन राह्यली. नवी सून म्हनून तुलाबी बोलावलंय, यांनी होय म्हनलंय. तू बघून ये.” मी मान हलवली. “पन एक ध्यानात ठेव. तो कसा सुटला ते सांगायचं न्हाई. सुटला का न्हाई तेबी न्हाई. फकस्त बघन्याजोगा हाय का, तेवढं सांग.” सहा महिन्यांत तुम्ही माझ्याशी एका दमात एवढं बोललात ते पहिल्यांदाच.

पत्र्याचं थेटर होतं, कुंडलिका नदीच्या पलीकडं. भर दुपारी आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. बायकांसाठी बाकं, मध्ये जाड कापडाचा आडपडदा. मी जन्मात पहिल्यांदा सिनेमा पाहत होते. पोतं नदीतून वाहत आलं, एका कोळ्याच्या जाळ्यात अडकलं, कोळ्यानं गाणं म्हणत म्हणत ते उघडलं आणि हेर बाहेर आला. काकी कुजबुजल्या, “अगं, हा तर दुसराच मानूस घेतलाय. पोट बघ त्याचं.” पुढं वाघ आला, तलवारी आल्या, पुष्कळ गाणी आली. परत येताना काकींनी सांगून टाकलं, “पहिल्यासारखं काय न्हाई बाई.”

तुम्ही दारातच उभ्या होतात. काकींना बोलूही दिलं नाहीत. “तू सांग,” म्हणालात माझ्याकडं बघून. मी म्हणाले, “बघण्याजोगा आहे, आत्याबाई. नक्की जा.” काकींनी कपाळाला हात लावला. पण तुमचा चेहरा लहान मुलीसारखा झाला, आणि मामंजींकडून तुम्ही त्याच संध्याकाळी वर्षाची परवानगी मागून घेतलीत.

पुढच्या रविवारी गल्लीतल्या नऊ बायका घेऊन गेलात. मी घरी राहिले, चार वेळा अंगणात येऊन रस्ता पाहिला. तुम्ही आलात, पाय धुतलेत आणि पानं वाढायला लागलात. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं मी बसले तर तुम्ही म्हणालात, “सहा वर्सं मी त्याला त्या पोत्यातून काढून राह्यले, आन या सिनेमावाल्यांनी एका कोळ्याकडून काढला. तुला बराबर वाटलं ते?”

“नाही,” मी म्हणाले.

“मंग जा कशाला म्हनलीस?”

“तुम्ही इतकी वर्षं वाट पाहिली होती. मी नको म्हटलं असतं तर तुम्ही गेलाच नसता.”

तुम्ही चुलीतलं लाकूड पुढं सारलंत. मग एकदम हसलात, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “माह्यासाठी खोटं बोललीस व्हय?” म्हणालात. परात माझ्याकडं सरकवलीत. “घे, थाप. आन ऐक, तो कसा सुटाया पायजे व्हता.” आणि तुम्ही सांगायला लागलात. धान्याच्या आडत दुकानदाराची बायको तुम्ही, पोत्यांत जन्म गेलेला. पोत्याच्या शिवणीचा एकच धागा बरोबर धरला की सगळी शिवण सरसर उसवते, हे त्या सिनेमावाल्यांना कुठून ठाऊक? तुमचा हेर पाण्याखाली श्वास धरून अंधारात तो एक धागा चाचपत होता. माझी भाकरी तव्यावर करपली तरी तुम्ही रागावला नाहीत.

मग ते रोजचंच झालं. दुपारी धान्य निवडताना त्या नऊ बायका जमायच्या. तुम्हाला बोल लावायचं त्या विसरूनच गेल्या. तुमचा हेर परत राजवाड्यात शिरला, यावेळी भाकरी थापणारी बाई बनून. “त्या पहिल्या भागातला आचारी तर मी पैल्याच दिशी पकडला असता,” तुम्ही म्हणायचात. “पीठ मळताना कोपरं बाहेर काढून बसतो का कोन आचारी?” कोण चिडवायला लागलं की तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायचात, “माही सून माह्यासाठी खोटं बोलली व्हती,” आणि ते अशा काही अभिमानानं सांगायचात की मी मान खाली घालायची. तुमच्या शेवटच्या आजारपणातही डॉक्टरांना ही गोष्ट सांगितलीत.

आज एवढंच कबूल करते, आत्याबाई. सुनेला अजून उत्तर दिलेलं नाही आणि हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही. ‘बघण्याजोगा आहे’ म्हणाले तेव्हा मी खोटं बोललेच नव्हते. खोटं बोलले ते तुम्ही सिनेमा पाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, चुलीपुढं ‘नाही’ म्हणाले तेव्हा. मला तो सिनेमा फार आवडला होता, आणि कोळ्याच्या गाण्याला तर मी रडले होते.