पुढच्या चाकाची पिन

प्रिय धडपड्या,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता तर मी नेहमीसारखी "बरं, ठेवते" म्हणून मोकळी झाले असते, म्हणून कागद घेऊन बसले. अकरा वर्षांत मी तुझ्या घरी दोनदा आले आणि दोन्ही वेळा चहा निवायच्या आत उठले. तू कधी काही विचारलं नाहीस. पण मागच्या महिन्यात तुझ्या लेकीने फोनवर सरळ विचारलं, "आत्या, तू बाबावर रागावलीयेस का?" मी घाईघाईने फोन ठेवून दिला. पोर तुझ्यापेक्षा धीट आहे.

आधी बातमी ऐक. मी आपली डर्ट बाइक विकत घेतली. तसली दुसरी नव्हे, आपलीच, ज्या गाडीवरून तू शर्यतीत पडलास ती. तू हॉस्पिटलात होतास तेव्हाच आपल्या बाबांनी रागाच्या भरात ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती. मला ती एकदा नीट बघायची होती, पण ती गेली ती गेलीच. सापडली कुठे, तर एका गादीवाल्याकडे. त्याचं शिवणयंत्र दुरुस्त करायला गेले होते, तर कापसाच्या पोत्यांमागून एक हँडल डोकावत होतं आणि त्यावर माझं वेल्डिंग. तू त्याला मुंग्यांचं वारूळ म्हणायचास. तसलं बेढब वेल्डिंग जगात दुसरं कोण करणार? त्याने ती भंगारातून हौसेने उचलली होती आणि येत्या रविवारी उघडू, येत्या रविवारी उघडू म्हणत अकरा वर्षं घालवली होती. एका नटाला हात लावला नव्हता. मी मागितली तर भाव करायचं सोडून त्याने सुटकेचा निःश्वासच टाकला.

हाल विचारू नकोस. टाकीत गंजाचा चिखल, कार्बुरेटरमध्ये पेट्रोल वाळून गुळासारखं चिकट झालेलं. सायलेन्सरमध्ये उंदरांनी अशी गादी भरली होती की गादीवाल्यानेही तोंडात बोट घालावं. तुझे भाऊजी म्हणाले, "हिला आत जागा देणार असशील तर माझं अंथरूण बाहेर टाक." मी म्हटलं, टाकते. पिस्टन अडकला होता, तो चार दिवस तेलात भिजवून सोडवला. मागचं चाक केलं, चेन बदलली, ब्रेक बसवले. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा उरलासुरला कापूस भाऊजींच्या डोक्यावर जाऊन बसला. फक्त पुढचं चाक राहिलं. गादीवाल्याने त्याला पोतं गुंडाळून वर सुतळी बांधली होती. ती सुतळी सोडायला बसले की मला हमखास दुसरं काम आठवायचं.

कारण सांगते. शर्यतीच्या सकाळी त्या चाकाचं पंक्चर मी काढलं होतं. चाकाचा नट फिरू नये म्हणून त्यातून एक बारीक पिन आरपार घालून तिची टोकं वळवतात, हे तुला माहीत आहे. तुझा नंबर पुकारला जात होता, तू घाई करत होतास. "ताई, केस बांध, भूत दिसतेस," एवढं म्हणून सुटलास. संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर बसले, सहज खिशात हात घातला आणि बोटांना ती पिन लागली. अख्खी, सरळ. म्हणजे मी ती घातलीच नव्हती. नट ढिला झाला, चाक डगमगलं, तू पडलास, असं मी धरून चालले. शुद्धीवर आल्यावर तू म्हणालास, "दगड आला गं मध्ये." मला वाटलं, मला सांभाळून घेतोयस. लहानपणी मी फोडलेल्या बरण्याही तूच अंगावर घ्यायचास ना. पिनेबद्दल मी कुणाला सांगितलं नाही, भाऊजींनासुद्धा.

गेल्या रविवारी एकदाची सुतळी कापली. रिमला एका जागी वाटीएवढा खळगा होता, दगडाचाच. आणि नट जागच्या जागी, घट्ट. त्याच्या आरपार, गंजलेला, दोन्ही टोकं माझ्या डावऱ्या हाताने वळवलेला, माझा केसांत खोचायचा काळा आकडा होता. तेव्हा सगळं आठवलं. पिन सापडेना, तू तर गाडी पिळत उभा, म्हणून मी अंबाड्यातून आकडा उपसला, आरपार घातला आणि पक्कडीने वळवला. म्हणून तर केस सुटले होते, म्हणून तर मी भूत दिसत होते! मी फरशीवर बसून मोठ्याने रडले. बोट चेचलं समजून भाऊजी बर्फ घेऊन धावत आले. मग ते रडणं हसण्यावर गेलं, तरी ते बिचारे बर्फ धरूनच उभे होते.

तर लेकीला सांग, आत्या रागावली नव्हती. तू दारापर्यंत लंगडत सोडायला यायचास, आणि तुझं प्रत्येक पाऊल मला सांगायचं की हे माझ्यामुळे. मला ते बघवत नव्हतं रे, म्हणून मी उठून जायचे. तू खरं बोलत होतास आणि मी अकरा वर्षं तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याची माफी मागायला हे पत्र. येत्या रविवारी गाडी टेम्पोत घालून घेऊन येते. सगळं झालंय, पुढच्या चाकाच्या नटातली पिन तेवढी बाकी आहे. आकडा मी काढून ठेवून घेतलाय, आणि ती पिन या कागदाच्या घडीत आहे, हरवू नकोस. ती तू घाल, तुझ्या हाताने, लेकीला शेजारी बसवून. आणि चहा मोठ्या भांड्यात ठेव. या वेळी मला उठायची घाई नाही.

तुझीच, केस घट्ट बांधून येणारी,
ताई