‘आ’वर अडलेला शब्द

४ जुलै, शुक्र.
प्रार्थनेनंतर पास्टरांनी धरलंच. पुढच्या शुक्रवारी बायबलातल्या मोशेवर मी बोलायचं. इस्राएल लोकांना गुलामीतून सोडवायला देवाने त्याला कसं तयार केलं, ते. म्हटलं, मी तोतरा, चेष्टा करता का गरिबाची? म्हणाले, "अरे, तोही अडखळायचा. म्हणून तर तुला." भारी हौस यांना!

५ जुलै
दत्ताच्या आईला अर्धांगवायू. रत्नागिरीला ॲडमिट. त्याला भारतात जायचंय, पण पासपोर्ट इथल्या कंपनीच्या तिजोरीत. बेचाळीस जणांचे तिथंच. माझा तेवढा माझ्या पेटीत, मी चार्जहँड, या सगळ्यांचा मुकादम ना! एचआरचे साहेब पुण्याचे, त्यांची मेहेरबानी.
दत्ता : "डेव्हिडदादा, तुम्ही मराठीत बोला ना साहेबांशी. तुमचं ऐकतील."
म्हटलं, रघूला सांग. त्याची जीभ चुरूचुरू चालते. मी नाही बुवा.

७ जुलै
रघू तयार झाला होता. सकाळी त्याची बदली लांबच्या साइटवर, रास अल खोरला. खलास. चुगली कुणी केली? सगळे माझ्याकडे बघतात. बघणारच, साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिणारा मीच. चीड आली. लाजही.

८ जुलै
दुपारच्या सुट्टीत शेडमागे तालीम. दत्ता साहेब झाला, रंगाच्या डब्यावर बसून. मी अडखळलो, कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.
"दादा, ‘यांचे पासपोर्ट’ नका म्हणू. ‘आमचे’ म्हणा."
"माझा तर माझ्याकडे आहे."
दत्ता डब्यावरून उठला.

१० जुलै
गेलो केबिनमध्ये. एसीत घाम. दत्ताची आई, पासपोर्ट... कसंबसं सांगितलं.
"हे बघ, लेबर एकदा गेलं की परत येत नाही. यांची समजूत कुणी घालायची?"
"आ... आ..."
"आपण! बरोब्बर." साहेबांनीच माझा शब्द पुरा केला. चहा मागवला. मी प्यालो.
दत्ता दाराबाहेर उभा. काय सांगणार त्याला, कप्पाळ!

११ जुलै, शुक्र.
दत्ताची आई सकाळी गेली. तो फोन हातात धरून बंकवर बसलाय, जेवला नाही. मी प्रार्थनेला गेलो नाही. पास्टरांचा फोन आला, उचलला नाही. तो चहा अजून घशात आहे.

१२ जुलै
पेटीतून पासपोर्ट काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.
"हे काय आता? आपलं ठरलं होतं ना?"
"आ... आ..."
साहेबांनी तोंड उघडलं. मी हात वर केला, थांबा म्हणून. जन्मात पहिल्यांदा.
"आम्ही," म्हटलं. "आपण नाही साहेब. आम्ही त्रेचाळीस."
साहेबांनी तो उचलून तिजोरीत टाकला, चावी फिरवली. "बघतो," म्हणाले. काय बघतात देव जाणे.
शेडबाहेर सगळ्यांबरोबर बसून लिहितोय. दत्ताने विचारलं, "तेराव्याला तरी पोचेन ना, दादा?"
कामाचा भोंगा वाजून दहा मिनिटं झाली. फोरमन यल्ला यल्ला, चला चला म्हणून ओरडतोय. कुणी उठलेलं नाही. मीही नाही.