दाखवायचं, बोलायचं नाही

सोमवार, ४ ऑक्टोबर

सुरू झालं एकदाचं! सात वर्षं पाणी कंपनीचा घोशा चाललाय – पुढच्या पंचवीस वर्षांची तहान भागवायला इथं तलाव हवा. आमचं शेत, शेजारच्या मॉरीनचं घर, ओढा, सगळं पोटात घेणारा तलाव. आणि सात वर्षं आमची समिती म्हणतेय, नको. अध्यक्ष मीच.

आजपासून गावच्या हॉलमध्ये जाहीर चौकशी. सरकारनं नेमलेल्या मिसेस ऑल्डरसन निकालाचा अहवाल लिहिणार. बारीक बाई, जाड चष्मा. जेवायला एकट्याच बसल्या. मॉरीननं लिंबाचा केक पुढे केला तर म्हणाल्या, "दोन्ही बाजूंकडून काही घेता येत नाही मला." पण केककडे बघत होत्या हे मी पाहिलं.

नवरा, रोलंड, आला नाही. गाईंचं करायचंय म्हणाला. अकरा गाई उरल्यात. त्यांचं काय दिवसभर करतो कोण जाणे.

बुधवार, ६ ऑक्टोबर

दोन दिवस संडासाच्या टाकीवर चर्चा! माणूस एका वेळी किती पाणी सोडतो, पंचवीस वर्षांनी किती सोडेल. कंपनीचे तज्ज्ञ इतके गंभीर, की मला खोकल्याचं सोंग आणून बाहेर जावं लागलं.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

आज माझी साक्ष. कंपनीचे वकील गुळासारखे गोड. "बाई, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?" त्यांना वाटलं, मी सापडले. मी म्हटलं, "आमच्या विहिरीतून. तुमच्या कंपनीला तीनदा अर्ज केला होता, नळ अजून आलेला नाही." हॉल हसला. ऑल्डरसनबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मॉरीन घरापर्यंत सोबत आली. "अगं, तू बोलतेस झकास, पण रोलंडनं एकदा तोंड उघडायला हवं. आजोबांपासूनची जमीन! बाईंना पाझर फुटेल."

घरी येऊन त्याला सांगितलं. "बघू," म्हणाला. सात वर्षं बघतोच आहे.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

बाई जागा बघायला आल्या. सगळे गमबूट घालून, वकीलसुद्धा. नियम एकच – दाखवायचं, बोलायचं नाही. "हे झाड" म्हणता येतं. "हे झाड बुडवू नका" म्हणता येत नाही. मॉरीनला ते जमेना. "हे झाड," म्हणाली आणि असा उसासा सोडला की वकिलांनी हरकत घेतली.

मग आमच्या शेतात बाईंनी विचारलं, "मिस्टर प्रॉबर्ट, तुम्हाला काही दाखवायचंय?"

आणि रोलंड पुढे झाला!

"हा गोठा," म्हणाला. "साठ गाईंचा." आत अकरा.

"हे फाटक." उचलून लावावं लागतं ते. त्यानं उचललं, अर्ध्यावर थांबला, दम खाल्ला, मग लावलं.

"हा उतार. इथं मी गेल्या हिवाळ्यात पडलो. दीड तास तसाच पडून होतो."

मला हे ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मी समितीच्या बैठकीला गेले असणार.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. वकिलांनी हरकत घेतली नाही. कशाला घेतील?

बुधवार, १३ ऑक्टोबर

सकाळी न्याहारीला मी फुटलेच. "कोणाच्या बाजूचा आहेस तू? त्या बाईंना हे दाखवायची काय गरज होती?"

"त्यांना नव्हतं दाखवत," म्हणाला. "तुला दाखवत होतो."

मग हळूहळू बाहेर आलं. सात वर्षांपूर्वीच त्याला शेत विकायचं होतं. बहिणीजवळ, समुद्राकाठी छोटं घर घ्यायचं. एक गिऱ्हाईकही होतं, तरुण जोडपं, गाई पाळणारं. तेवढ्यात तलावाची बातमी आली आणि ते पळालं. बुडणारी जमीन घेतं कोण? तुम्हीच घ्या म्हटलं, तर कंपनीही 'निकाल लागेपर्यंत थांबा' म्हणते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू अध्यक्ष झालीस. इतकी खूश दिसायला लागलीस."

मी रडले. खोटं कशाला लिहू – खूश होतेच. उभ्या जन्मात इतकी मजा आली नव्हती मला. आणि शेत वाचवते आहे त्याच्यासाठी, असं गावभर सांगत होते. त्याला एकदाही विचारलं नाही.

"मग आता मी काय करू? माघार घेऊ?"

"तलाव झाला तरी चालेल मला, नाही झाला तरी. कसाही, पण निकाल लागू दे." मग टोस्टला लोणी लावत म्हणाला, "पण इथं गाई राहिल्या तर बरं वाटेल."

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

समारोपाचं भाषण. चाळीस मिनिटं बोलले. कंपनीचे आकडे, गळके नळ, सगळं बाहेर काढलं. वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं. रोलंड पहिल्यांदाच आला होता, मागच्या खुर्चीवर. मध्येच डुलकी लागली त्याला.

शनिवार, २५ डिसेंबर

अजून काही कळलं नाही. नाताळचं बदक जरा करपलं.

गुरुवार, ३ मार्च

जिंकलो! तलाव रद्द. मॉरीननं चर्चच्या घंटा वाजवायला लावल्या. अख्खं गाव बाटल्या घेऊन अध्यक्षबाईंच्या अभिनंदनाला निघालं आणि आमच्या फाटकाशी येऊन गप्प उभं राहिलं. तिथं मी नुकतीच पाटी ठोकली होती – 'शेत विकणे आहे'. हातोडी अजून माझ्या हातात होती, आणि पाटी धरून रोलंड उभा होता, लग्नात उभा होता तसा.