शनिवारी सहा वाजता, दोघांनी मिळून

१२ नोव्हेंबर २०१६, शनिवार. रेजिना, सस्कॅचवन, कॅनडा.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही.

परिस्थिती अशी. टोरोंटोची नोकरी जूनमध्ये गेली. सप्टेंबरात इथे सरकारी ऑफिसात एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. मी इथे बेसमेंटमध्ये, बायको रश्मी आणि मुलगी साक्षी तिथे आमच्या कॉन्डो फ्लॅटमध्ये. लोक विचारतात, असं लांब राहून संसार कसा टिकायचा? टिकणार, कारण मी उपाय शोधलाय. दर शनिवारी इथले सहा, तिथले सात. फोन स्पीकरवर. मी थ्री टू वन म्हणायचं आणि दोघांनी एकदम प्ले दाबायचं. एक मालिका, दोन सोफे. (माझा सोफा म्हणजे घरमालकिणीची गार्डन चेअर, पण ते रश्मीला दिसत नाही.)

मालिका इंग्रजी. एक बेट, त्यावर दीपगृह, एक बाई इन्स्पेक्टर, दर भागाला एक मृतदेह. दहाव्या मिनिटाला मी खुनी ओळखला. पोस्टमन. रश्मीला लगेच सांगितलं. ती म्हणाली, मला आधी कळायला नको होतं. शेवटी खुनी पोस्टमन निघालाच नाही, म्हणजे तिचं काहीच बिघडलं नाही. हे तिला पटलं नाही.

१९ नोव्हेंबर

आजही खुनी चुकला. चूक लेखकाची आहे, माझा तर्क बरोबर होता.

रश्मी म्हणते, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या भागात तू एकतीस मिनिटं बोललास. तिने घड्याळ लावलं होतं म्हणे. बायको नवऱ्याचं बोलणं मिनिटं मोजून ऐकते! किती संसारांत होतं असं?

२६ नोव्हेंबर, सायं. ५:५०

संकल्प: आज एक अक्षर बोलायचं नाही.

६:०४. इन्स्पेक्टरबाई भर बर्फात टोपीशिवाय बाहेर पडल्या. बोलावं लागलं. रेजिनात राहणाऱ्या माणसाने हे सहन करायचं तरी कसं?

१० डिसेंबर

सासूबाई सांगलीहून टोरोंटोला आल्या. सहा महिने मुक्काम. हॉलमध्ये झोपणार, म्हणजे टीव्हीसमोर. मी रश्मीला बजावलं, शनिवारचा तास आपला, तेव्हा त्यांना बेडरूममध्ये बसव. त्या एक मराठी मालिका बघतात, तिच्यातली सून गणपतीपासून गरोदर आहे. मी इथे ऑनलाइन सहज दहा मिनिटं बघितली. (फक्त कथानक समजून घ्यायला. डॉक्टर खोटं बोलतोय हे माझ्या लगेच लक्षात आलं.) अशा मालिकांमुळेच समाज मागे राहतो. तो डॉक्टर बहुतेक सासऱ्याचा माणूस असावा.

२८ डिसेंबर, रात्रीचं विमान चुकलं नाही

नाताळाचे चार दिवस टोरोंटोला काढून परत आलो. साक्षीला थिएटरात घेऊन गेलो. उडणारी माणसं, पडणाऱ्या इमारती. प्रत्येक उडणाऱ्याची शक्ती कुठून आली ते मी तिला कानात समजावत होतो. ती म्हणाली, डॅड, लिटरली नोबडी आस्क्ड. बारा वर्षांची मुलगी इतकं स्पष्ट बोलते, हा कॅनडाच्या शिक्षणाचा फायदा.

रश्मी रोज म्हणत होती, मला तुझ्याशी बोलायचंय. मी म्हणालो, हा सिनेमा संपू दे. तो अडीच तासांचा होता. मग बेकिंगची स्पर्धा लागली. सगळे केकवर रडत होते, मध्येच कसं उठायचं? मग विमानाची वेळ झाली. असो. बोलायला शनिवार आहेतच.

४ जानेवारी २०१७

रश्मीचा ईमेल. लांबलचक. पहिला परिच्छेद वाचला: मी खूप विचार केलाय. लक्षण चांगलं आहे. बाकीचा डोकं ताजं असताना वाचीन, घाईत वाचला तर न्याय होणार नाही.

शेवटी ताजा कलम होता तेवढा पाहिला: शनिवारी मोबाइलवर नको, घरच्या फोनवर कर.

७ जानेवारी

चमत्कार! रश्मी आज एकदाही मला गप्प बस म्हणाली नाही. मी संपूर्ण भाग बोललो, तिने फक्त हं म्हटलं. हं. किती दिवसांनी कुणी मला हं म्हटलं! डोळे भरून आले. बेटावर एक माणूस विहिरीत पडला तेव्हाच भरून आले, त्यामुळे तसं विचित्र वाटलं नाही.

१४ जानेवारी. उणे छत्तीस.

इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावायला विसरलो, गाडी सुरू झाली नाही, ग्रोसरीला गेलो नाही. रात्री ब्रेड आणि लोणचं. पण सहा वाजता शनिवार होता.

एक गोष्ट लक्षात आली. रश्मीला हल्ली इंग्रजी संवाद मराठीत सांगितलेले आवडतात. मी इन्स्पेक्टरबाईंचे, दीपगृहवाल्याचे, भटजीसारख्या त्या पाद्रीचे, सगळ्यांचे संवाद मराठीत म्हणून दाखवतो, आवाज बदलून. थांबलो की तिकडून लगेच हं येतं, पुढे सांग अशा अर्थाचं.

ऑफिसात कास्मिरला हे सांगितलं. कास्मिर मूळचा वसईचा, आमचं पेरोल बघतो. रविवारी चर्चला जातो आणि उरलेले दिवस मला सल्ले देतो. तो म्हणाला, बँकेत काम करणाऱ्या बाईला इंग्रजीचं मराठी कशाला लागतं रे बाबा? त्याला प्रेमातलं काही कळत नाही.

२८ जानेवारी

आज भागाच्या मध्येच रश्मीजवळ मन मोकळं केलं. म्हटलं, अगं, तुझी आई नाताळात एवढी घोरत होती की मला वाटलं बर्फ उकरणारा ट्रक आला. आणि एकच गोष्ट किती वेळा सांगतात! बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन कट झाली. मग एक लांब हं आलं. रश्मी पहिल्यांदाच तिच्या आईविरुद्ध माझ्या बाजूने उभी राहिली.

११ फेब्रुवारी

आज दीपगृहवाला मेला. त्याची बायको वर चढून दिवा लावते. मी तिचे संवाद म्हणता म्हणता अडखळलो आणि फोनवर हुंदका ऐकू आला. रश्मी रडत होती! आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी रडली नव्हती, कॅनडाच्या विमानात बसताना रडली नव्हती. मीही रडलो. म्हटलं, अगं राणी, मी आहे ना. तिकडून एकदम खोकला ऐकू आला.

आम्ही इतके जवळ कधीच नव्हतो.

१८ फेब्रुवारी, सायं. ७:१५

काल डेस्मंडने केबिनमध्ये बोलावलं. डेस्मंड म्हणजे माझा सुपरवायझर. नोकरी पर्मनंट करायची ऑफर आहे, उत्तर आठवड्यात हवं. कास्मिर म्हणाला, टीव्ही बंद कर आणि बायकोला सरळ फोन करून विचार. मी काय मूर्ख आहे? अशी गोष्ट कोरडेपणाने विचारायची नसते.

आजच्या भागात तसा प्रसंगच आला. इन्स्पेक्टरबाईंना एक माणूस म्हणतो, माझ्याबरोबर बेटावर राहशील? मी त्याचा संवाद म्हटला आणि मग माझ्या आवाजात पुढे म्हणालो, अगं, येशील ना इकडे? तुझ्याशिवाय मला इथे फार एकटं वाटतं. खोलीत भिंतींशी बोलतो मी. तू हो म्हण, मी नोकरी पक्की करतो.

हे मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

पाच-सहा सेकंद. मग हं. अगदी हळू, मऊ हं.

हो म्हणाली!

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सही केली. काल फॅमिली डेची सुट्टी होती, नाहीतर कालच केली असती. कास्मिरने विचारलं, ती नक्की काय म्हणाली? सांगितलं. त्याने आपला डबा माझ्यासमोर सरकवला. मग म्हणाला, जेवलास का?

४ मार्च

दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं, एक एप्रिलपासून. घरं फोडून नवी करणाऱ्या जोडप्यांचा कार्यक्रम रोज बघतोय. माझं मत: नवरा नेहमी नको ती भिंत पाडतो आणि बायको शेवटी पांढराच रंग निवडते. साक्षीच्या खोलीला जांभळा रंग ठरवला. तिला सरप्राइज. रश्मीलाही पत्ता अजून दिला नाही. मे महिन्यात विमानतळावरून थेट घरी नेईन आणि मगच सांगीन.

ईमेल अजून वाचायचा आहे. आता काय घाई, सगळं ठरलंच आहे.

१८ मार्च, सायं. ६:४०

गेल्या रविवारी टोरोंटोने उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली. सस्कॅचवन करत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे डेस्मंडने मीटिंगमध्ये सांगितलं, कास्मिरने सांगितलं आणि ऑफिसच्या फ्रिजवर कागद लावला होता. पण मनावर ठसेल असं कुणी सांगितलं नाही.

माझे सहा म्हणजे आता तिथले आठ. मी नेहमीप्रमाणे फोन केला आणि थ्री टू वन म्हणालो. तिकडून रश्मीने विचारलं, काय थ्री टू वन?

म्हटलं, अगं, आपली मालिका.

ती म्हणाली, आपली? मी आत्ता साक्षीला स्विमिंगहून घेऊन आले. शनिवारी सात ते आठ आम्ही पूलवर असतो, जानेवारीपासून. आई तुझी वाट बघत तासभर फोन मांडीवर घेऊन बसली होती. आत्ता बिचारी जेवायला उठली.

मी विचारलं, आई कशाला वाट बघेल?

रश्मीने हळूच विचारलं, नंदन, तुला माहीत नव्हतं? मी ईमेलमध्ये लिहिलं होतं ना. तू वाचलास ना तो ईमेल?

फोन खाली ठेवला. म्हणजे ठेवला असावा. हातात चहाचा कप होता, तो गार्डन चेअरवर सांडला.

१९ मार्च, रविवार, सकाळ

ईमेल वाचला. उभ्यानेच.

परिच्छेद दोन: मी रेजिनाला येणार नाही. बँकेत मला ब्रँच मिळतेय, साक्षीची शाळा इथे आहे.

परिच्छेद तीन: तू दर शनिवारी मला अठ्ठेचाळीस मिनिटं सांगतोस. विचारत एकदाही नाहीस. मी थकले.

परिच्छेद चार: यापुढे शनिवारी आई बसेल. तिला इंग्रजी कळत नाही, तू सांगतोस ते तिला आवडेल. साक्षीने रिमोटवर प्लेच्या बटणाला लाल टिकली लावून दिली आहे.

म्हणजे दोन महिने मी सासूबाईंना अगं म्हणत होतो. एकदा राणी म्हणालो. घोरण्याविषयी जे बोललो ते आठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

आणि येशील ना, तुझ्याशिवाय एकटं वाटतं, तेही त्यांनाच. ज्या बाईला मी एकदा विमानतळावर न्यायला गेलो नव्हतो, कारण क्रिकेटची मॅच होती.

२३ मार्च

डेस्मंडकडे गेलो. सही मागे घेता येते का विचारलं. टोरोंटोला अप्लाय करायचा विचार आहे, तेही सांगितलं. तो म्हणाला, जागा सोडायची असेल तर सोड, पण तिकडे दुसरी आधी शोध. टोरोंटोला तेरा ठिकाणी अर्ज केले. रेफरन्समध्ये कास्मिरचं नाव घातलं. त्याने विचारलं, खोटं बोलायचं का? म्हटलं, शक्य असेल तर थोडं.

झोप नाही. जेवण नाही. मालिकाही नाही. एक सिनेमा लावला, नायक वाळवंटात एकटा. माझं मत: नको होता लावायला.

२५ मार्च, शनिवार, सायं. ५:००

फोन वाजला. सासूबाई. त्यांनी स्वतः नंबर फिरवला होता.

जावईबापू, बरे आहात ना, म्हणाल्या. मी माफी मागायला लागलो, घोरण्यापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, ते खरंच आहे हो, सांगलीत शेजारचेही तक्रार करतात. मग सांगू लागल्या. तुम्हाला मी रश्मी वाटते हे जानेवारी संपता संपता लक्षात आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही सांगणं बंद केलं असतं. इथे दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसतं. ती बँकेत, नात इंग्रजीत.

मी विचारलं, मग त्या दिवशी हं का म्हणालात?

त्या म्हणाल्या, तुम्ही इतक्या आर्जवाने विचारलंत, मला नाही म्हणवेना. वाटलं, रश्मीच्या कानावर घालीन. दोनदा तोंड उघडलं. पण लेकीसमोर जावयाचं असं मन कसं सांगायचं?

मग त्यांनी विचारलं, दीपगृहवालीचं पुढे काय झालं? मी सांगितलं. टीव्ही बंदच होता. सगळं मनातून रचून सांगितलं, ती दुसऱ्या बेटावर जाते वगैरे. त्या हं म्हणत होत्या.

१ एप्रिल, शनिवार

नव्या अपार्टमेंटमध्ये आलो. लीज मोडता येत नाही. घरमालकाने आधीच रंगवून ठेवलेल्या जांभळ्या भिंतीचा वास अजून जात नाही.

तेरापैकी दोन ठिकाणांहून नकार. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

दुपारी रश्मीला मोबाइलवर फोन केला. टीव्ही लावला नाही. कुठला प्रसंग नाही, कुणाचा संवाद नाही. विचारलं, रश्मी, तू कशी आहेस? ती सांगत राहिली. ब्रँच, साक्षीचे दात, पाठ दुखते, हिवाळाभर एकटीने गाडीवरचं बर्फ काढलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, मी मोजली नाहीत.

मग विचारलं, येशील का इकडे?

तिने बराच वेळ घेतला. मी मध्ये बोललो नाही.

नाही, म्हणाली.

तिचाच आवाज होता. मी दोनदा खात्री करून घेतली.