वाशिंग्टनसाठी वाढलेलं पान

भाद्रपद वद्य ५, शके १७८६

दादाने पुंजारामची गाय कोंडवाड्यात घातली. म्हणे मोकाट सापडली. खोटं! दारातल्या खुंट्यावरून नत्थुजी कोतवालाने सोडून नेली, मी डोळ्यांनी पाहिलं. नत्थुजीची मान खाली होती. पाटलाचा हुकूम, आणि पाटील माझा थोरला भाऊच.

पुंजाराम आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्याचं साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेलाच संपलं. पुढचं त्याने धरलं नाही. पेरणी-निंदण भिडेखातर करून दिलं. आता बायकोला, शकुनला, घेऊन त्याला बडनेऱ्याकडे आगगाडीच्या मातीकामावर जायचं आहे. गाभण गाय टाकून तो जाणार नाही, हे दादाला ठाऊक आहे.

"दसऱ्यापासून वेचणी," दादा म्हणाला. "गडी सोडला तं कापूस कोन वेचन? तू वेचशीन?"

वेचीन म्हणालो. तो हसला. खुशालराव पाटील हसला की बोलणं संपलं, असं गाव मानतं. मीही मानलं. तेच डाचतंय.

वद्य ६

देवळात बसलो. नाम घेतलं. मन लागलं नाही.

वद्य ९

अमरावतीला गाडी घेऊन गेलो. कापसाच्या भावाने सगळ्यांची डोकी फिरली आहेत. अंबादेवीच्या देवळाजवळ एका ओट्यावर शाळेचे मास्तर इंग्रजी पुस्तकातून थोरांची चरित्रं मराठीत सांगत बसतात. आज वाशिंग्टन. ज्या अमेरिकेत लढाई लागल्यामुळे आमच्या कापसाला हा भाव आला, तो देश याने उभा केला. राजाशी आठ वर्षं लढला. जिंकल्यावर कोणी म्हणालं, तूच राजा हो. नको म्हणाला, अधिकार परत दिला, शेतावर गेला. लोकांनी पुन्हा बोलावून सगळ्यांत वर बसवलं, तर दोन मुदती झाल्यावर आपणहून उठला.

मला दादा आठवला.

वाशिंग्टनला मूलबाळ नव्हतं. म्हणजे मागे पाणी द्यायला कोणी नाही. येताना गाडीत ठरवलं – सर्वपित्रीला त्याचंही पान वाढायचं. निपुत्रिकांना आपण पाणी देतोच की.

मनकर्णेला सांगितलं. बायको माझी, पण कोणत्याही गोष्टीला आधी फाटा फोडणार. "त्याले आपली कढी चालते का पन?" मग थोड्या वेळाने, "वाढते. उपाशी काहून ठेवा."

वद्य १२

जेवताना दादाला वाशिंग्टन ऐकवला. मुद्दाम. अधिकार सोडला, तिथे जोर देऊन. दादाने भाकरी मोडत सगळं ऐकलं.

"आठ वर्सं लढाईवर होता म्हणतं?"

"हो."

"मंग त्याचं शेत कोन वाहे?"

जन्म नांगरामागे गेला माझा, आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं!

वद्य १३

पायीच अमरावतीला गेलो. मास्तरांना गाठलं, तोच प्रश्न विचारला.

"विकत घेतलेली माणसं होती त्यांच्याकडे," मास्तर म्हणाले. "शेकड्यांनी; काही पत्नीकडून आलेली. पण जी स्वतःच्या मालकीची होती, त्यांना मोकळं करावं असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं त्यांनी."

"कधी मोकळं करावं?"

"पत्नीच्या पश्चात."

म्हणजे आधी हा मरणार, मग याची बायको मरणार, आणि मग ती माणसं आपल्या पायांनी आपल्या वाटेने जाणार. मास्तर म्हणाले, "बापू, काळच तसा होता." मी म्हणालो, ज्यांना जायचं होतं त्यांचाही काळ तोच होता. मास्तर उपरण्याची घडी करत बसले.

राग शमत नाही. देव्हाऱ्यापुढे बसलो तरी नाही. राजाला नको म्हणायची छाती होती आणि आपल्याच शेतातल्या माणसाला जा म्हणायची नव्हती? आणि दादा – त्याने तर ऐकता ऐकताच ओळखलं. आपलाच माणूस भेटल्यासारखं.

अमावास्या

पानं मांडली. मनकर्णा पळी धरून उभी – वाशिंग्टनचं वाढू की नको? वाढ म्हणालो. मेलेल्याला उपाशी ठेवून त्याच्याशी भांडता येत नाही. शेजारी आणखी एक पान मांडलं, त्याच्या शेतातल्या माणसांसाठी. एकाचंही नाव माहीत नाही. तसंच पाणी सोडलं.

दादा म्हणाला, "हे दोन कोनाचे?" सांगितलं. आणि पंगतीसमोर, उभ्या जन्मात पहिल्यांदा, म्हणालो, "दादा, कोंडवाडा उघड. नाही तर माझी वाटणी दे."

दादाने माझा पाट पुढे सरकवला.

"आज पितराईचा दिवस हाय, बापू. जेव."

"आधी उघड."

"अमाशेले तमाशा काहून करून राहिला? जेव म्हटलं ना."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग मीही बसलो. पितरांसमोरून उठवेना. पण उद्या कुलूप तोडणार. दादा काय करायचं ते करो. आजचा दिवस तेवढा नीट पार पडू दे.

आश्विन शुद्ध १

कुऱ्हाड घेऊन गेलो. नत्थुजी कोंडवाड्याच्या दारात बसला होता, बाजूला सरकला. कुलूप तुटलं. गायीला घेऊन पुंजारामच्या घरी गेलो. दार उघडं, चूल थंड.

"तो तं कालच गेला, बापू," नत्थुजी मागून म्हणाला. "शकुनले घेऊन. तुमी पितर जेवू घालून राहिले होते, तवा."