कप्तान मेलेलाच होता

प्रिय साडूभाऊ,

नमस्कार. विनंती काही नाही. विशेष मात्र इतकं साचलंय की आधी तब्येतीची चौकशी उरकून घेतो. टाके सुकले का? झोप लागते का? ताई फोनवर म्हणाल्या की तुम्ही बिनमिठाचं जेवण मुकाट्याने जेवता. ऐकून काळजी वाटली, कारण ‘मुकाट्याने’ हा शब्द तुमच्या बाबतीत मी पहिल्यांदाच ऐकला. हृदयाच्या डॉक्टरांनी तुम्हाला आरडाओरडा आणि वादविवाद वर्ज्य सांगितलाय म्हणे. योग्यच केलं. हे सगळं पत्र मी त्याच काळजीपोटी लिहितोय, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा. (बसून वाचा.)

काल मी आपल्या अंतराळयानाच्या सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. असली फसवणूक माझ्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती.

पहिला भाग आपण चौघांनी पाहिला तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि साडू म्हणून तुमची-माझी ती पहिलीच भेट होती. शेवटी यानाला भोक पडतं, कप्तान बाकीच्यांना पुढच्या खोलीत ढकलतो आणि स्वतः मागे राहून लोखंडी दार लावून घेतो. पलीकडून तीन ठोके ऐकू येतात. मग शांतता, आणि थिएटरातले दिवे लागतात. बाहेर पडता पडता मी म्हणालो, बिचारा गेला. तुम्ही म्हणालात, “छे हो! गेला कसला? तिसरा ठोका ऐकलात ना? मरणारा माणूस असा ठोकत नाही.” तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तुम्ही गाद्या विकता. मी हवेचा दाब, थंडी, प्राणवायू असं सगळं फळ्यावर मांडावं तसं मांडायचो, आणि तुम्ही शांतपणे पुढचा घास घेऊन म्हणायचात, “ते बरोबरच आहे हो, पण ठोका?” मेहुण्याच्या लग्नात फोटोवाला सगळ्यांना हसायला सांगत होता तेव्हा आपण प्राणवायूवर होतो. (त्या फोटोत आपल्या दोघांचीच तोंडं उघडी आहेत.) सासरे दवाखान्यात होते तेव्हाही बाहेरच्या बाकावर आपण त्या दाराच्या रबरी पट्टीवरून भांडलो आणि नर्सने दोघांनाही खाली पाठवलं. (सासरे पुढे म्हणाले की आवाज आत येत होता आणि बरं वाटत होतं.)

तर काल इस्त्रीचा सदरा घालून, हिला घेऊन मी वेळेआधी जाऊन बसलो. सुरुवातीलाच माझं डोकं फिरलं. यान कसं होतं आपलं? तेलकट, कळकट, नळ गळणारं. आताचं यान दातांच्या डॉक्टरच्या खोलीसारखं पांढरंफेक! कामगारांच्या कपड्यांना डाग नाही, आणि चहाची किटली चक्क बोलते. बरं, नायिका कोण, तर कप्तानाची मुलगी. आता मला सांगा, कप्तान अविवाहित होता की नव्हता? पहिल्या भागात बटाटे सोलताना त्याने स्वतः तसं सांगितलंय. मी हे हिला सांगितलं तर ही म्हणाली, “सांगितलं असेल. पुरुष काय, काहीही सांगतात.”

मध्यंतरापर्यंत मी दात-ओठ खात बसलो. मध्यंतरानंतर त्या मुलीला जुनं यान सापडतं, ती तेच लोखंडी दार कापते, आणि आत कप्तान! जिवंत! म्हातारा झालेला, पण दाढी कोरलेली. (कात्री कुठून आली?) आणि खुलासा काय, तर पाण्याच्या नळीत शेवाळ वाढलं, शेवाळाने हवा दिली आणि थंडीने झोप. शेवाळ! आमच्या न्हाणीघरात दर पावसाळ्यात येतं, आम्ही घासून टाकतो. त्याच्यावर एवढा उंचापुरा माणूस इतकी वर्षं जगतो? ज्याने माझ्या वर्गात असं उत्तर लिहिलं असतं, त्याला मी बापाला घेऊन यायला सांगितलं असतं.

माझा तोल सुटला. मी उभा राहिलो आणि “अशक्य!” म्हणून ओरडलो. मागून एक बाई म्हणाली, “आजोबा, खाली बसा.” आजोबा! माझे केस तुमच्यापेक्षा काळे आहेत. मी मागे वळून तिला हवेच्या दाबाबद्दल सांगायला लागलो, तेवढ्यात बॅटरीवाला आला आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. बाहेर लाह्या विकणारी बाई एकटीच होती. तिला मी पहिल्यापासून सगळं समजावलं. लाह्या भरता भरता तिने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “पण काका, तो मेला असता तर दुसरा भाग कशाला काढला असता?” या पातळीवर आलंय सगळं.

सिनेमा सुटल्यावर ही बाहेर आली ती डोळे पुसतच. पहिलं वाक्य काय, तर “भाऊजींना फोन लावते.” मी तिच्या हातून फोन काढून घेतला. म्हटलं, त्यांच्या छातीला टाके आहेत, आनंदाने काही झालं तर?

म्हणून कळकळीने सांगतो, हा सिनेमा बघू नका. कुणी विषय काढला तर खोकला आल्याचं दाखवा. सिनेमा वाईटच आहे, शिवाय लवकरच उतरेल. ताईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. जपून राहा.

आपला साडू

ता. क. सगळं लिहून झाल्यावर लक्षात आलं की दाराआड काय निघतं ते मीच सांगून बसलोय. आता एवढं पत्र पुन्हा लिहायचा उत्साह नाही. तेवढा भाग वाचला नाही असं समजा.

ता. क. भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. हे ओरडले ते खरं, पण ‘अशक्य’ नाही. “आहे! आहे! जिवंत आहे!” म्हणून ओरडले आणि पुढच्या माणसाच्या पाठीत थापा मारायला लागले. त्यासाठी बाहेर काढलं. तब्येत सांभाळा.

ता. क. हिने वर काय लिहिलंय ते वाचलं. गोंगाटात बायकांना एक म्हटलेलं दुसरं ऐकू येतं. पण आता विषय निघालाच आहे तर एक विनंती. तुम्ही ऑपरेशनला आत होतात तेव्हा मी बाहेर बसून होतो, आणि भांडायला कुणी नव्हतं. तो प्रकार मला आवडला नाही. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी कळवा, मी येतो, आपण दोघं सिनेमाला जाऊ. तोवर एकट्याने बघितलात तर माझ्याशी गाठ आहे. कप्तान दिसला की तुम्ही माझ्याकडे वळून जे म्हणणार आहात, ते मला शेजारी बसून ऐकायचंय. एकदाच. मग शेवाळाचं बघू.