शहरानं माझं ऐकलं

केप कोस्ट, बुधवार

आदरणीय अमिसा मामांना,

भाचा एको याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? चर्चच्या गायनमंडळातले पुरुष अजून तुमच्या बाजाच्या पुढे धावतात का? इथे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात काहीही क्षेम नाही. माझं डोकं सोमवारपासून तापलेलं आहे आणि शुक्रवारी रेडिओ केंद्रात माझी चौकशी आहे. नोकरी राहते की जाते, ते त्या दिवशी ठरेल.

लहानपणी बाजाशेजारी बसवून वाद्यवृंदाची गोडी तुम्हीच लावलीत, तेव्हा निम्मा दोष तुमचा. अकरा वर्षं मी सकाळी सहाला अभिजात संगीताचा कार्यक्रम करतो. माझा नियम एकच, आधी संगीत आणि मग त्याचं नाव. माणसानं कान देऊन ऐकावं, मोठं नाव ऐकून उगाच मान डोलावू नये. या नियमाबद्दल आजवर एकही तक्रार आली नाही. (कारण कार्यक्रम कुणी ऐकतच नव्हतं, असं आमचे संचालक क्वान्साह काल चारचौघांत म्हणाले. हे मी विसरणार नाही.)

सोमवारी मी एक शोकसंगीत लावलं. पितळी वाद्यं, ढोल, संथ चाल. सकाळी सहाला न सांगता असं काही वाजलं की आपल्या देशात लोक काय समजतात, हे तुम्हाला मी काय सांगणार? सैन्यानं उलथलेली तीन सरकारं तुम्ही याच चालीवर जाताना ऐकलीत. तरी लोकांनी अजून थोडी वाट पाहिली असती. पण संगीत संपलं आणि एक करडा आवाज म्हणाला, ‘नागरिकहो, सत्ता आता आमच्या हाती आहे. घराबाहेर पडू नका.’

मामा, ते नाटकातलं वाक्य. शनिवारी आमच्या मंडळाचा प्रयोग आहे आणि त्यात मी मेजर आहे. (नऊ वर्षं द्वारपाल, आचारी आणि एकदा प्रेत झाल्यावर ही भूमिका मिळाली. दिग्दर्शक बायडू अजूनही म्हणतात की माझ्या आवाजाला जरब नाही.) आमच्या तंत्रज्ञानं, म्हणजे ओटूनं, नाटकाच्या जाहिरातीची टेप चुकून लावली, एवढीच गोष्ट. आता तो आईची शपथ घेऊन सांगतो की अशी टेपच अस्तित्वात नाही. इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नाही.

पंधरा मिनिटांत बाजार बंद. कोळ्यांनी पाण्यात लोटलेल्या होड्या परत ओढल्या. पोलीस निरीक्षकानं कचेरीतली राष्ट्राध्यक्षांची तसबीर कपाटामागे सारली, आणि खरं कळल्यावर ती परत लावायला गेला तर खिळा सापडेना. हे सगळं माझ्या माथी. मक्याच्या केंकीचे उंडे विकणारी मान्सा मावशी रोज मला भर रस्त्यात गाठते. ‘मेजरसाहेब,’ म्हणते, ‘माझी भांडंभर केंकी नासून गेली. आधी ती खा, मग देश चालवा.’

आणि क्वान्साह. मामा, हा माणूस स्वतःच्याच केंद्रात हात वर करून शिरला. मला बघून ‘साहेब, माझी पाच मुलं आहेत’ म्हणाला. (तीनच आहेत.) मी ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हटल्यावर त्याचा चेहरा जो उतरला, त्याची ही चौकशी आहे. बाकी ‘नियमभंग’ वगैरे सगळी सोंगं. अशा माणसापुढे मी नाक घासणार नाही. नोकरी गेली तर गेली. तुमच्या बहिणीचा मुलगा कुणाची मनधरणी करणार नाही, हे तुम्ही खुशाल तुमच्या सॉल्टपाँड गावभर सांगा.

आपला संतप्त पण नम्र,
एको

ता. क. – हे पत्र आजच्याच बसवाल्याच्या हाती देतो आहे, तेव्हा उद्या, गुरुवारी, सकाळच्या बसनं या. चांगलं वस्त्र पांघरून या आणि श्नॅप्सची बाटली आणा. घरातल्या वडीलधाऱ्यानं बाटली पुढे ठेवून शब्द टाकला की क्वान्साहला नाही म्हणता येणार नाही. मी दाराबाहेर मान खाली घालून उभा राहीन. मामा, या नोकरीशिवाय मला दुसरं काही येत नाही.

ता. क. २ – ओटू खरं बोलतो. टेप नव्हती. संगीत चालू असताना मी काचेत बघून मेजरची तालीम करत होतो; ते संपून माईक सुरू झाला हे कळलंच नाही. क्वान्साहना हे तुम्हीच सांगा, ओटूच्या मागची कटकट थांबेल. माझ्या तोंडून निघत नाही.

ता. क. ३ – बायडू त्या दिवशी दुपारपर्यंत पलंगाखाली होते, असं त्यांची बायको म्हणाली. तेव्हा मनधरणी पार पडली की जाता जाता क्वान्साहना एक विचाराल का? जास्त भीती ‘सत्ता आमच्या हाती’ला वाटली, की ‘घराबाहेर पडू नका’ला? शनिवारी जोर कशावर द्यायचा ते ठरवायचं आहे.